‘नवीन’ नावाचं पीठ

मंगळवारी दुपारी बायको गेली. सकाळी तिने गिरणीत दळण टाकलं होतं. संध्याकाळी गिरणीवाल्याचा फोन आला की दळण झालंय, घेऊन जा. मी येतो म्हणालो.

अर्थात गेलो नाही. दहाव्याच्या आसपास गिरणीवाला स्वतःच डबा घेऊन घरी आला. चपला दाराबाहेर काढल्या, डबा ओट्यावर ठेवला, फोटोला हात जोडले आणि गेला. स्टीलचा लहान उभा डबा, जेमतेम पाव भरलेला. झाकणावर कागदी चिकटपट्टी, आणि तिच्यावर बायकोच्या अक्षरात एकच शब्द: नवीन.

बायको डोंबिवलीतल्या आमच्या घरातून थालीपिठाची भाजणी, मेतकूट, डांगराचं पीठ, उपवासाची भाजणी असं करून विकायची. शाळेतली नोकरी सोडल्यावर तिने हे सुरू केलं आणि शेवटच्या काही वर्षांत स्टेशनजवळच्या एका दुकानात तिचा स्वतःचा कप्पा होता. घरातल्या प्रत्येक डब्यावर अशी पट्टी असे. ‘भाजणी’ लिहिलेल्या डब्यात भाजणी, ‘मेतकूट’ लिहिलेल्यात मेतकूट. ‘नवीन’ लिहिलेल्यात काय आहे हे विचारायला आता कुणी नव्हतं.

मी मुद्रितशोधक. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पुस्तकांतले ऱ्हस्वदीर्घ नीट केले. घरच्या धंद्यात माझ्याकडे एकच खातं होतं, लेबलं सरळ चिकटवण्याचं. पुढे लेबलावरच्या ‘पौष्टीक’ मधली वेलांटी ऱ्हस्व व्हावी म्हणून मी अख्खी छपाई परत पाठवायला लावली, तेही ऐन दिवाळीच्या तोंडावर, तेव्हा ते खातंही तिने काढून घेतलं. मला चहा येतो. दूध उतू जाण्याआधी गॅस बंद करता येतो, बहुतेक वेळा. ताक घुसळता येतं, कारण रवी माणसाला फारशी चूक करू देत नाही. याच्यापलीकडे माझं पाकज्ञान म्हणजे मी तपासलेली पाककृतींची पुस्तकं. ‘चवीपुरतं’ या शब्दावर त्यांत सगळीकडे अनुस्वार आहे एवढी हमी मी देऊ शकतो. चवीपुरतं म्हणजे किती, ते मला विचारू नये.

तेरावं झालं, माणसं आपापल्या घरी गेली आणि घरातले आवाज थांबले. सकाळी कढईत उलथणं फिरायचं, दुपारी चाळणी आपटायची, संध्याकाळी पाकिटं बंद करायचं यंत्र चट् चट् करत राहायचं. हे आवाज मला आवडत होते असं खोटं लिहिणार नाही. मी आतल्या खोलीचं दार लावून मुद्रितं तपासायचो आणि कढई जरा हळू करता आली तर बघ, असंही अधूनमधून सांगायचो. आता कढई पूर्ण हळू झाली होती. दार उघडं ठेवलं तरी काही फरक पडत नव्हता.

तिचा हा उद्योग बंद पडू नये, एवढंच मला वाटत होतं. यात थोर काही नाही. घरात दुसरं काही चालूच नव्हतं.

पुढची जबाबदारी मेहुणीने घेतली. बायकोची धाकटी बहीण, बँकेतून निवृत्त झालेली, ठाण्याला वर्तकनगरात राहते. तिच्या हाताला चव आहे आणि जिभेला त्याहून जास्त. ती आठवड्यातून दोनदा डोंबिवलीला येऊ लागली. भाजणी तिने बहिणीसारखीच भाजली, त्याच डाळी, तीच कढई. तरी दुकानदाराने एक दिवस चाचरत सांगितलं की गिऱ्हाईक म्हणतंय, काकूंची नाही वाटत. गिऱ्हाईक वाईट नव्हतं. एक बाई तर पाकीट परत द्यायला घरी आल्या, मला बघून परत न देताच निघाल्या आणि जाताना आणखी एक घेऊन गेल्या. पण दयेवर धंदा महिनाभर चालतो. पुढे दया करणाऱ्यालाही थालीपीठ खायचं असतं.

मेहुणीने सरळ सांगून टाकलं.

"भाऊजी, दिवाळीपर्यंत मी येईन. माझे गुडघे आणि ही रोजची ठाणे-डोंबिवली, दोन्ही एकदम चालणार नाही. तोवर काही जमलं तर ठीक. नाहीतर दुकानदाराला कप्पा रिकामा करून देऊ आणि ताईच्या नावाने एकदा छान जेवण घालू."

जेवण घालू म्हटल्यावर मी हादरलो. जेवण घातलं की गोष्ट संपते.

तेव्हा मला ती कल्पना सुचली. माझ्या आयुष्यातली ही एकमेव व्यापारी कल्पना, म्हणून तिच्याबद्दल थोडं विस्ताराने लिहितो. भाजणी आणि मेतकूट तिच्या हातचं लोकांच्या तोंडात होतं, त्याच्याशी आमची रोज तुलना होणार आणि आम्ही रोज नापास होणार. पण जी वस्तू तिच्या हातची कुणी खाल्लेलीच नाही, तिला ‘काकूंची नाही’ असं कोण म्हणणार? आणि अशी वस्तू ओट्यावर होती. झाकणावर नावसुद्धा होतं.

मेहुणीला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "तुम्हाला असं काही सुचेल, वाटलं नव्हतं."

नव्या वस्तूबद्दल माझा अभ्यासही होता. वाणिज्य शाखेच्या एका क्रमिक पुस्तकाची मुद्रितं मी पूर्वी तपासली होती आणि त्यात ‘नवे उत्पादन’ असं एक अख्खं प्रकरण होतं. मी ते कपाटातून काढून पुन्हा वाचायला घेतलं. समासात माझ्याच खुणा होत्या. ‘उत्पादन कोणासाठी, हे प्रथम निश्चित करावे’ या वाक्यातल्या ‘कोणासाठी’वर मी तेव्हा पेन्सिलीने गोल केला होता, कारण मागच्या पानावर ‘कुणासाठी’ छापलं होतं आणि एका पुस्तकात एकच रूप हवं. आताही मी तेवढंच बघितलं आणि पान उलटलं.

पहिलं काम होतं डब्यात काय आहे ते ओळखण्याचं. मेहुणीने चिमूटभर पीठ जिभेवर ठेवून डोळे मिटले. ज्वारी, म्हणाली. तांदूळ, हरभऱ्याची डाळ, जिरं, सुंठ. पुढचं नीट सांगता येईना, म्हणून आम्ही ओट्याकडे वळलो. त्या सकाळी बायकोने वापरलेले डबे मागे, भिंतीशी, तसेच राहिले होते, कारण ते जागेवर ठेवायचे कुठे हे मला माहीत नव्हतं. त्यात एक मेथ्यांचाही होता. मग मेथ्याही घातल्या. जे तयार झालं ते इतकं कडू होतं की मेहुणी म्हणाली, ताई असं करणार नाही, माणसावर राग असल्याशिवाय. त्यावर मला वाटलं, राग असायला हरकत नव्हती. मी आठवून पाहू लागलो की मंगळवारी सकाळी मी काय बोललो होतो. पुढच्या आठवड्यात शेजारच्या वहिनी डबा मागायला आल्या. मेथ्यांचा डबा त्यांचा होता. दुखवट्यात कुणाच्या तरी पोटात दुखलं म्हणून आणलेला.

मेथ्या गेल्या आणि पीठ जुळलं. वास जुळला, रंग जुळला. मग आम्ही त्याचं थालीपीठ लावलं आणि ते तव्यावर मोडलं.

पुन्हा लावलं, पुन्हा मोडलं. थोडक्यात सांगायचं तर श्रावण आणि भाद्रपद मी मोडलेली थालीपिठं खाऊन काढले. वडे करून पाहिले, ते तेलात विरघळले. धिरडं उलटेना. मेहुणीचं म्हणणं, सगळं इतकं खमंग भाजल्यावर त्याला चिकटपणा राहणार कुठून? मग तिने त्यात कच्चं गव्हाचं पीठ मिसळलं, उडीद वाढवला, भाजणं कमी केलं. थालीपीठ जरा धरू लागलं. आम्ही याला सुधारणा म्हणत होतो.

बायकोने दळायला टाकलेलं पीठ मात्र मी तिला वापरू दिलं नाही. पहिल्या चवीनंतर डबा उचलून माझ्या पुस्तकांच्या कपाटात नेऊन ठेवला. मुद्रितं तपासताना मूळ प्रत हाताशी लागते, असं मी तिला गंभीरपणे समजावलं. ती म्हणाली, ठेवा, पण पिठात किडे झाले तर तुमच्या शब्दकोशात शिरतील. मूळ प्रत म्हणजे लेखकाने लिहिलेली प्रत. मुद्रितशोधकाने ती बाजूला ठेवून वाक्य न् वाक्य ताडून बघायचं असतं. लेखकाला काय म्हणायचंय हे न कळता त्याची वाक्यं सुधारणारे लोक मी या व्यवसायात खूप पाहिले आणि त्यांना खूप हसलो. मोडलेलं थालीपीठ चावताना ते मला आठवायला हवे होते. आठवले नाहीत.

मग नाव ठेवायची वेळ आली, आणि इथे मला कुणी अडवणारं नव्हतं. चार दिवस शब्दकोश घेऊन बसलो. जे पीठ नक्की कशाचं आहे हे आपल्यालाच माहीत नाही, त्याला व्यापक नाव द्यावं असा माझा विचार. लेबलावर छापलं: ‘बहुगुणी मिश्रपिष्ट’. खाली, ‘सेवनविधी: रुचीनुसार’. एकही चूक नाही. आयुष्यात इतकं शुद्ध लेबल मी पाहिलेलं नाही. दुकानदाराने पाकीट हातात घेऊन उलटसुलट पाहिलं, मान डोलावली आणि आदराने ते त्रिफळा चूर्णाच्या शेजारी नेऊन ठेवलं. दोघांतिघांनी घेतलंही. त्यातल्या एका गृहस्थांनी लेबलावरच्या नंबरवर फोन करून विचारलं, रिकाम्या पोटी घ्यायचं की जेवणानंतर? मी म्हणालो, जेवण म्हणूनच घ्यायचं. त्यांनी विचारलं, म्हणजे पथ्य म्हणून? पुढे त्यांना पोट साफ झाल्याचा अनुभव आला असावा, कारण त्यांनी पुन्हा फोन करून आभार मानले.

मेहुणी म्हणाली, "लोकांना जीभ द्या हो भाऊजी, व्याकरण कशाला देताय?" तिने वर्तकनगरातल्या एका हॉलमधल्या दिवाळीच्या प्रदर्शनात एक टेबल घेतलं. तिथे माणसं येतील, चाखतील, घेतील. नाही घेतलं, तर तिथेच संपलं असं समजायचं. ती तारीख म्हणजे आमची दिवाळी.

हॉलमध्ये गॅस पेटवायला बंदी होती, हे आम्हाला आदल्या दिवशी कळलं. म्हणजे थालीपीठ लावून देता येणार नाही. मग चाखायला काय ठेवायचं? मी तोडगा काढला. पीठ तुपावर परतून न्यायचं, त्यात पिठीसाखर आणि जरा जास्त सुंठ घालायची, आणि चमचा चमचा लोकांना द्यायचं. हे मेहुणीने घरी करून दिलं आणि छान झालं. या पदार्थाला आपल्याकडे आधीच एक नाव आहे आणि तो एका ठरावीक ठिकाणीच मिळतो, हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही.

दुसरं, क्रमिक पुस्तकात ‘संस्थापकाविषयी विश्वास’ असं एक उपशीर्षक होतं. म्हणून मी बायकोचा फोटो नेला. भिंतीवरून काढला तसा नेला. त्याला चंदनाचा हार होता. तो काढायचा असतो हे सुचलं नाही. तिसरं, मेहुणीने बजावलं होतं की जरा बरे कपडे घालून या, आणि इस्त्रीचा म्हणून एकच झब्बा सापडला, तो पांढरा. आमच्या डावीकडे अगरबत्त्या विकणाऱ्या बाई होत्या, उजवीकडे ताक आणि सोलकढी विकणारं एक जोडपं.

सकाळी तासभर कुणी फिरकलं नाही. मेहुणी हॉलभर बघून येते म्हणून गेली. मी फोटोशेजारी उभा राहिलो, पितळी वाटी आणि चमचा घेऊन. वाटी पितळी, कारण घरात तीच चांगली होती.

पहिली बाई आली. मी चमचा पुढे केला. कागदी द्रोण आणायचे राहिले होते, म्हणून तिने हात पुढे केला, उजवा वर, त्याखाली डावा. मी तळहातावर पीठ घातलं. तिने ते कपाळाला लावलं, खाल्लं, फोटोला नमस्कार केला आणि शेजारच्या बशीत एक नाणं ठेवून पुढे गेली. मला वाटलं, काय सुसंस्कृत गिऱ्हाईक आहे. तिच्या मागे दुसरी उभी होती. तिच्या मागे आणखी दोघी. पाहता पाहता रांग लागली. ठाण्यात रांग लागली की पुढे काय आहे हे न विचारता लोक तीत उभे राहतात. लहान मुलांना आया सांगत होत्या, दोन्ही हात पुढे कर, सांडू नको. खाऊन झाल्यावर बोटं केसांना पुसत होते. पाकिटांकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. प्रसाद कुणी विकत घेतं का?

मला कळायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर मी खुश होतो. इतकी माणसं तिला नमस्कार करत होती.

मग एक वयस्क बाई आल्या, नऊवारी नेसलेल्या, हातात पिशवी. प्रसाद घेतला, फोटोपुढे बराच वेळ डोळे मिटून उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "आईंचं स्थान कुठे?"

मला खोटं बोलता येत नाही आणि खुलासा त्याहून येत नाही. मी म्हणालो, "डोंबिवली पूर्व."

"दर्शनाला कधी यावं?"

"आता नाही," मी म्हणालो.

त्या हळहळल्या. "समाधिस्थ झाल्या? कधी?"

"मंगळवारी."

"देवीचा वार," त्या म्हणाल्या आणि कानाला हात लावून पुढे गेल्या.

मी वर पाहिलं तर रांगेच्या बाजूला मेहुणी उभी. ती किती वेळ उभी होती कोण जाणे. ती ओरडली नाही. रांगेतल्या लोकांना तिने नम्रपणे सांगितलं की संपलं. मग माझ्या हातातली वाटी घेतली, फोटोचा हार काढून पिशवीत टाकला आणि खुर्चीवर बसली.

"काय चाललं होतं?"

"चाखायला देत होतो."

"ताईला देव करून बसलात भाऊजी. पाव किलोच्या पाकिटात चिमूटभर जास्त गेलं तर परत काढून घेणारी बाई ती. तिच्या नावाने फुकट वाटताय?"

मी म्हणालो की लोक तिला नमस्कार करत होते. हे बोलताना माझा आवाज बिघडला. तिचेही डोळे भरून आले होते, आणि मग एकदम, रडायच्या ऐवजी, ती हसायला लागली.

"त्या पिठाचं ती मला काय म्हणाली होती सांगू?" ती म्हणाली. "फोनवर. गेली त्याच्या आदल्या रविवारी. म्हणाली, नवीन एक करतेय. ह्यांना करता आलं, तर अख्ख्या डोंबिवलीला करता येईल."

"मग इतके महिने का नाही बोललीस?"

"कसं बोलू? तुम्ही त्या फोटोसमोर बसलेले. त्यात हे सांगू, की जाता जाता ती तुम्हाला ठोंब्या म्हणाली?"

"ठोंब्या म्हणाली?"

"शब्द माझा. अर्थ तिचा."

मी बसलो. आम्ही दोघांनी एकमेकांना इतकं सांभाळून घेतलं होतं की कामाची गोष्ट तेवढी राहून गेली होती. मेहुणीला ती माझी टिंगल वाटली, म्हणून तिने दडवली. पण मी ते वाक्य मुद्रितासारखं पुन्हा वाचलं, एकेक शब्द, आणि त्यात टिंगल होतीच, पण त्याखाली स्वच्छ लिहिलेली कृतीही होती. उत्पादन कोणासाठी, हे प्रथम निश्चित करावे. तिने ते केलं होतं. गोल करायचा तो त्याच शब्दावर होता, फक्त रूपासाठी नाही.

"मला काय काय येतं?" मी विचारलं.

मेहुणी बोटं मोजू लागली. "चहा. दूध तापवणं." ती थांबली. "आणि ताक."

आम्ही दोघांनी एकदमच उजवीकडे पाहिलं.

बायकोचा डबा मी प्रदर्शनातही नेला होता, मूळ प्रत म्हणून, टेबलाखाली. मेहुणीने हात पुढे केला. आता मात्र मी नाही म्हणालो नाही, पण झाकण उघडायला मला वेळ लागला. शेजारच्या जोडप्याकडून तिने पेलाभर ताक आणलं. एका डिशमध्ये तिने पीठ घेतलं, मीठ टाकलं, ताक ओतलं आणि चमचा माझ्या हातात दिला. "तुम्ही करा," म्हणाली. "त्याशिवाय खरं नाही."

मी कालवलं. करण्यासारखं तेवढंच होतं. आधी पातळ वाटलं, मग पीठ आपलं आपणच फुलत गेलं आणि चमच्यावर उभं राहिलं. शिजवायची गरज नव्हती, कारण जे काही शिजायचं ते कढईत खमंग होऊन आधीच झालं होतं. म्हणूनच थालीपीठ मोडत होतं. ते थालीपिठाचं पीठ नव्हतंच. एकटा माणूस संध्याकाळी घरी येतो, गॅस पेटवायचा त्याला कंटाळा असतो किंवा भीती असते, आणि त्याला बिस्किटं खाऊन झोपायचं नसतं. त्याच्यासाठी ते होतं. तिने असा माणूस कुठे पाहिला असेल, हे मला शोधायला जावं लागलं नाही. ती माहेरी गेली की मी बिस्किटं खाऊन झोपायचो.

आम्ही दोघांनी आळीपाळीने खाल्लं. मेहुणी म्हणाली, जिरं थोडं जास्त पडलंय. मग म्हणाली, नाही, बरोबर आहे. डब्यात तळाशी राहिलं होतं तेही तिने कालवलं. आमच्यापुढे येऊन थांबलेल्या एका माणसाने आज प्रसाद काय आहे असं विचारलं, तेव्हा ती तोंडात घास असतानाच म्हणाली, "प्रसाद नाही. आमचं जेवण आहे."

त्या दिवशी आम्ही एकही पाकीट विकलं नाही. घ्यायला दोघं-तिघं तयारही होते, पण पाकिटांत सुधारलेलं पीठ होतं, कच्च्या गव्हाचं, आणि ते ताकात कालवलं असतं तर त्रिफळ्यावाल्या गृहस्थांना मिळाला तो अनुभव सगळ्या ठाण्याला मिळाला असता. टेबल आवरलं. बशीतली नाणी मेहुणीने कोपऱ्यावरच्या देवळाच्या पेटीत टाकली. ज्याची गिऱ्हाइकं होती त्याला, म्हणाली. रिक्षात बसताना मी विचारलं की मग दिवाळीचं काय?

"दिवाळीत ताक कोण पितं?" ती म्हणाली. "चैत्रात बघू."

चैत्रात पाहिलं. पीठ मूळ प्रतीप्रमाणे केलं, एक शब्द इकडचा तिकडे न करता. भाजायचं काम आता माझ्याकडे आहे. मेहुणी शेजारी स्टुलावर बसून पुस्तक वाचते आणि मान वर न करता वासावरून सांगते, आता उतरवा. लेबलाचा मजकूर तिने लिहिला: ‘ताकात कालवून खा. मीठ घाला.’ मी त्यात काही सुधारलं नाही. वर नाव काय घालायचं यावर आमचं एकमत होईना, तोवर मी नमुना म्हणून नेलेल्या डब्यावरची पट्टी वाचून दुकानदाराने गिऱ्हाइकाला सांगायला सुरुवातही केली होती. तेच नाव राहिलं. आता दुकानात चालणारी संभाषणं मला ऐकवत नाहीत. नवीन आहे का? नवीन संपलं. मग जुनं नवीन असेल तर ते द्या.

घेणारे बहुतेक एकटे आहेत. खोली करून राहणारी मुलं, मुलं परदेशी गेलेल्या आज्या, बायको माहेरी गेलेले नवरे. ‘काकूंची चव नाही’ असं अजून कुणी म्हणालेलं नाही. म्हणण्याची सोयच नाही. हा माझा हिशेब मात्र बरोबर निघाला.

तिच्या हातचं पीठ संपलं. डबा ओट्यावर आहे, पट्टी तशीच आहे, आणि दर आठवड्याला तो आम्ही भरतो. फोटो भिंतीवर आहे, हाराशिवाय. संध्याकाळी मी ताक घुसळतो, दोन चमचे पीठ कालवतो आणि खातो. तेवढं मला करता येतं.